थंडींतून ऊब काढणारें यंत्र



बाहेर पाणी गोठून दगड झालें आहे, झाडावर पान उरलेलें नाहीं, श्वास तोंडाबाहेर पडतांच त्याचें धुकें होत आहे. अशा हवेंतून उष्णता उपसून ती घरांत आणतां येते, असें कोणीं सांगितलें तर ऐकणारा सांगणाऱ्याकडे संशयानेंच पाहील. थंडींत उष्णता कोठून यावयाची? परंतु स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या देशांतील लाखों घरें आज याच रीतीनें उबदार राहतात. आणि ज्या यंत्रानें हें साधतें त्यास हीट-पंप, म्हणजे उष्णतेचा पंप, असें नांव आहे. कडाक्याच्या थंडींत हें यंत्र कितपत टिकाव धरतें, हा वाद जवळजवळ शंभर वर्षें चालला. त्या वादाचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

आमच्या मराठवाड्याला या इतिहासाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. निजामाच्या अमदानींत हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेनें ज्या मुदखेडला आगगाडी नेली, व जेथून पुढें आदिलाबादचा फांटा फुटला, त्या मुदखेडांत घर गरम करण्याची गरज कोणास पडते? वैशाखांत पारा चाळिशी ओलांडून जातो. थंडीचे म्हणून दीड-दोन महिने. तरीहि पौषांतल्या एखाद्या पहाटे तो दहाच्या खालीं उतरतो, आणि शेजारच्या परभणीस कृषि विद्यापीठाच्या आवारांत कांहीं हिवाळ्यांत तो पांचाच्याहि खालीं गेलेला आहे. अशा पहाटे विहिरीवर जाऊन पाहावें. पाण्यावरून वाफ निघत असते. हात घातला तर पाणी कोमट लागतें. विहीर हिवाळ्यांत तापते व उन्हाळ्यांत गार होते, असें आपले वाडवडील सांगत. खरें पाहतां विहीर आहे तेथेंच असते. बदलतो तो वरचा ऋतु. जमिनीच्या पोटांतलें पाणी वर्षभराच्या सरासरी उष्णमानाशीं जुळतें घेऊन २५-२६ अंशांच्या आसपास राहतें. बारड-अर्धापूरकडचा केळीचा बागाईतदार हें ओळखून असतो. तो थंडीच्या रात्रीं बागेला पाणी सोडतो, वाऱ्याच्या अंगाला शेवरीचें कुंपण राखतो, बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतो. पाणी सोडतांना तो भूमींत सांठलेली उन्हाळ्याची उष्णता वर आणून झाडांच्या मुळाशीं देत असतो. हीट-पंपाचें अर्धें तत्त्व त्यास कोणीं न शिकवितां ठाऊक आहे. मात्र ती उष्णता २५ अंशांचीच राहते. तिची स्नानाच्या पाण्याइतकी, म्हणजे ४५-५० अंशांची उष्णता करून घ्यावयाची, तर यंत्र हवें.

या यंत्राची घडण आपल्या ओळखीच्या दोन गोष्टींत सामावलेली आहे. माठांतलें पाणी मातीच्या छिद्रांतून पाझरून उडून जातें व जातांना उष्णता घेऊन जातें, म्हणून माठ गार. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोक हाताला चटका देतें, कारण दाबलेला वायु तापतो. हीट-पंपांत पुष्कळ खालच्या उष्णमानावर उकळणारा एक द्रव घेतात. तो बाहेरच्या नळ्यांत उकळतो, आणि उकळतांना बाहेरच्या हवेंतली, पाण्यांतली किंवा जमिनींतली उष्णता शोषून वायुरूप होतो. मग दाबयंत्र त्यास दाबून तापवितें. घरांतल्या नळ्यांत तो आपली उष्णता सोडून पुन्हां द्रव होतो, आणि अरुंद झडपेंतून दाब उतरून परत बाहेर जातो. आपल्या घरच्या शीतकपाटांत हेंच चालतें. त्याच्या पाठीमागें हात लावला तर जी ऊब लागते, तींत आंत ठेवलेल्या दुधाची व भाजीचीहि उष्णता असते. आपण पुढून पाहून त्यास शीतकपाट म्हणालों. उत्तरेकडच्या लोकांनीं मागून पाहून त्याची शेगडी केली.

आतां ‘थंड’ हें आपल्या कातडीचें मत झालें. उष्णतेचा तळ लागतो तो उणें २७३ अंशांवर. उणें २० अंशांची बोचरी हवासुद्धां त्या तळापासून २५३ अंश वर आहे. म्हणजे तींत उष्णता नाहीं असें नव्हे, ती खोल आहे इतकेंच. येथें मोटेची उपमा घेतली तर पुढचा सारा इतिहास समजण्यास सोपा जाईल. विहीर जितकी खोल, तितके एका मोटेमागें बैलांचे कष्ट अधिक. बाहेरचें उष्णमान व घरांत हवें असलेलें उष्णमान यांतलें अंतर ही आपल्या विहिरीची खोली. वीज हे आपले बैल. साडी कार्नो या तरुण फ्रेंच इंजिनिअरानें १८२४ सालीं जो सिद्धान्त मांडला, त्यावरून या खोलीचा हिशेब करतां येतो. बाहेर शून्य अंश असून पाणी ५० अंशांपर्यंत तापवावयाचें असेल, तर एक भाग वीज खर्चून फार तर साडेसहा भाग उष्णता मिळेल. बाहेर उणें २० अंश झाले तर साडेचारांच्या थोडें वर. प्रत्यक्ष यंत्र यांतलें जेमतेम निम्में पदरांत टाकतें. म्हणजे एकाचे तीन, नाहीं तर एकाचे दोन. साध्या विजेच्या शेगडींत एकाचा एकच भाग मिळतो, हें ध्यानांत ठेवावें.

गंमत अशी कीं, थंड देशांना उबविणाऱ्या या यंत्राची कल्पना उकाड्याच्या चिंतेंतून निघाली. गोऱ्या साहेबाला हिंदुस्थानांत सर्वांत अधिक जाचला तो उन्हाळा. सर रॉबर्ट बार्कर यानें १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळविलें कीं, अलाहाबादेकडे हिवाळ्याच्या निरभ्र रात्रीं उघड्या मैदानांत, उसाच्या चिपाडांवर मातीचीं उथळ भांडीं मांडून लोक बर्फ जमवितात. हवा गोठणबिंदूच्या वर असली तरी भांड्यांतलें पाणी आपली उष्णता उघड्या आकाशाला देऊन टाकतें. पुढें १८३३ सालीं बॉस्टनहून तलावाचा बर्फ जहाजांत भरून कलकत्त्यास आला, आणि वर्षभरांत तो मुंबईसहि पोंचला. जमशेटजी जिजीभाई यांनीं १८३४ सालीं आपल्या मेजवानींत पाहुण्यांना आइसक्रीम दिलें व त्यापायीं यजमान-पाहुणे दोघांसहि सर्दी झाली, ही त्या वेळच्या वर्तमानपत्रांतली वार्ता प्रसिद्धच आहे. साता समुद्रांपलीकडून थंडी विकत आणण्यापेक्षां ती येथेंच यंत्रानें उत्पन्न कां करूं नये, हा विचार मग सहजच आला.

तो विचार मनावर घेणारा मनुष्य एक ज्योतिषी होता. एडिंबरोच्या वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स पियाझी स्मिथ यांनीं १८५० च्या सुमारास उष्ण कटिबंधांतील घरांच्या खोल्या गार करण्याची युक्ति सुचविली: हवा दाबावी, तापलेली ती हवा निवूं द्यावी, आणि मग तिला फुलूं द्यावें, म्हणजे ती थंड होईल. उष्ण कटिबंध म्हटलें कीं त्या काळच्या इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढें प्रथम हिंदुस्थान उभा राही, हें सांगावयास नको. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून जगास ठाऊक झाले, त्यांनीं १८५२ सालीं हीच युक्ति उलटी करून दाखविली. जें यंत्र उन्हाळ्यांत घरांतली उष्णता बाहेर टाकील, तेंच हिवाळ्यांत बाहेरची उष्णता घरांत आणील; आणि कोळसा सरळ शेगडींत जाळण्यापेक्षां त्याच कोळशावर इंजिन चालवून असें यंत्र फिरविलें तर अधिक ऊब पदरांत पडेल, असें त्यांचें गणित होतें. तें बिनचूक होतें. पण विलायतेंत कोळसा मुबलक होता व चांगलें दाबयंत्र दुर्मिळ होतें. गणित कागदावर राहिलें.

मधल्या काळांत ऑस्ट्रियांत एबेन्झे येथील मिठागरांत पीटर फॉन रिटिंगर यांनीं १८५७ सालीं खाऱ्या पाण्याची वाफ दाबून तिच्याच उष्णतेनें आणखी पाणी आटविण्याचा प्रयोग केला. आमच्या कोंकणच्या मिठागरांत हें काम सूर्य फुकट करतो. आल्प्सच्या पायथ्याशीं त्यासाठीं जंगल तोडावें लागे, म्हणून तेथें अशी बुद्धि चालली.

घर उबविणारा हीट-पंप खरोखरीच चालविला तो स्कॉटलंडमधील ग्रेम हाल्डेन यांनीं, आपल्याच घरीं. आणि १९३० सालीं लंडनच्या विद्युत-इंजिनिअरांच्या संस्थेपुढें त्याचा वृत्तान्त वाचला. त्यापुढील मोठी पायरी स्वित्झर्लंडची. त्या देशांत कोळसा नाहीं, धबधबे आहेत. झुरिक शहराच्या जुन्या रातहाउसमध्यें, म्हणजे नगरसभागृहांत, १९३८ सालीं बसविलेला पंप शेजारच्या लिम्मत नदींतून उष्णता घेई. दुसरें महायुद्ध सुरू होऊन कोळशाच्या वाघिणी दुर्मिळ झाल्या तेव्हां या यंत्राची किंमत सर्वांस कळली. आणि तें साठ वर्षांहून अधिक काळ चाललें. इंग्लंडांत नॉरिच येथें जॉन समनर यांनीं १९४५ सालीं, युद्धकाळच्या टंचाईंत, जुनीपानी यंत्रसामग्री जुळवून नगराच्या वीजखात्याची इमारत वेन्सम नदीच्या पाण्यावर उबविली, व एका भागाला साडेतीन भागांच्या आसपास असा सरासरी हिशेब हंगामाअखेर दाखविला. मला या सर्व इतिहासांत समनर यांचें काम विशेष वाटतें. झुरिकच्या पाठीशीं नामांकित कारखाना होता. नॉरिचला कामचलाऊ सामान व हट्ट, एवढेंच होतें. याच्या उलट लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलची गोष्ट. तेथें १९५१ मध्यें विमानाच्या इंजिनांचे भाग वापरून टेम्स नदीवर थाटाचा पंप बसविला. तो गरजेपेक्षां इतका मोठा ठरला कीं थोड्याच काळांत तो मोडीत निघाला.

श्रोत्यांच्या ध्यानांत आलें असेल कीं, झुरिक, नॉरिच व लंडन या तिन्ही ठिकाणीं उष्णता घेतली ती नदींतून. हवेंतून कां घेतली नाहीं? याचें उत्तर आपल्या बागाईतदारानें दिलेंच आहे. वाहती नदी हिवाळ्यांत शून्याच्या वर राहते. हवेला तसा तळ नाहीं. शिवाय नॉरिचच्या यंत्रांत जो द्रव होता तो गंधकाचा डायऑक्साइड. तो साध्या दाबाखालीं उणें १० अंशांवर उकळतो. उणें २० अंशांच्या हवेंतून उष्णता घ्यावयाची तर त्यास त्याहूनहि खालीं उकळावें लागेल. म्हणजे नळ्यांतील दाब बाहेरच्या हवेहून कमी पडेल, आणि जेथें फट सांपडेल तेथून बाहेरची हवा व ओल आंत शिरेल. त्या पिढीच्या इंजिनिअरांनीं हवेची वाट टाळली हें शहाणपणाचेंच झालें.

ती वाट धरली अमेरिकेनें. घरोघर नदी नसते, हवा असते. १९५० नंतरच्या दोन दशकांत तिकडे हवेवर चालणारे पंप पुष्कळ खपले, आणि थंडी पडतांच पुष्कळ मोडले. येथेंच ‘हीट-पंप थंडींत चालत नाहीं’ ही म्हण रूढ झाली. ती निराधार नव्हती. थंडी वाढली कीं या यंत्रावर दोन संकटें एकदम येतात. विहीर खोल जाते, हें पहिलें. तें आपण पाहिलें. दुसरें असें कीं मोटच अर्धी भरून येऊं लागते. थंडींत नळ्यांतला वायु विरळ होतो, दाबयंत्राच्या प्रत्येक फेऱ्यास तो थोडाच हातीं लागतो. त्यामुळें घराला उष्णता अधिक हवी असते नेमक्या त्याच रात्रीं यंत्राची एकूण आवक घटते. त्यांत आणखी वंगणाचें तेल थिजतें, न उकळलेला द्रव दाबयंत्रांत शिरून त्याचे कान तोडतो, आणि बाहेरच्या नळ्यांवर हिमाचा थर चढून वारा आंत जाईनासा होतो.

या हिमाविषयीं एक चमत्कारिक गोष्ट आहे. तें सर्वांत अधिक साचतें तें अतिशय थंडींत नव्हे. शून्य ते पांच अंशांच्या ओलसर हवेंत. उणें २० अंशांची हवा इतकी कोरडी असते कीं तींतून निथळावयास पाणीच फारसें उरत नाहीं. म्हणून इंग्लंडचा दमट हिवाळा पारा वर असूनहि यंत्राला कधीं कधीं स्वीडनच्या कोरड्या हिवाळ्याहून अधिक सतावतो. उपाय एकच: मधून मधून यंत्र उलटें चालवून घरांतलीच थोडी उष्णता बाहेर पाठवावी व हिम वितळवावें. त्याचा भुर्दंड हिशेबांत धरावाच लागतो.

१९७३ सालीं खनिज तेलाचे भाव भडकले तेव्हां स्वीडनला जाग आली. तेथील लोकांनीं अंगणांत खोल बोअर घेऊन खडकांतली उष्णता काढण्यास आरंभ केला. नॉर्वेंत २००२-०३ च्या हिवाळ्यांत धरणांतलें पाणी खालावून वीज महागली, आणि सरकारनें हीट-पंपाला अनुदान दिलें. आज तेथें दहांपैकीं सुमारें सहा घरांत हें यंत्र आहे. इकडे जपानी कारखान्यांनीं दाबयंत्राची गति हवी तशी कमी-अधिक करण्याची सोय केली, म्हणजे थंड रात्रीं बैल वेगानें हांकतां येऊं लागले. दाबण्याचें काम चालू असतांना मधल्याच टप्प्यावर थोडा थंड वायु आंत सोडण्याची कृति आली. तिच्यामुळें अति थंडींत दाबयंत्र जळत नाहीं व आवकहि टिकते. द्रवहि बदलले. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्यें असतो तो प्रोपेन उणें ४२ अंशांवर उकळतो. गंधकाच्या डायऑक्साइडला जें अवघड, तें त्याला सहज.

तेव्हां आजचा निवाडा काय? प्रत्यक्ष घरांतून घेतलेलीं मापें असें सांगतात कीं, उणें १० अंशांपर्यंत चांगलें यंत्र एका भागाला दोन भागांहून अधिक उष्णता देतें. उणें २० ते ३० अंशांत, खास थंडीसाठीं बनविलेलीं यंत्रें दीड ते दोन भाग देतात. म्हणजे तीं बंद पडत नाहींत, पण त्यांचा कस कमी होतो. म्हणून फार थंड गांवीं जोडीला लाकडाची शेगडी किंवा विजेची कांडी ठेवतात, आणि तसें ठेवणें योग्यच आहे. आपल्या देशांत हा प्रश्न खऱ्या अर्थानें लागू पडतो तो लडाखला. लेहचा पारा हिवाळ्यांत उणें २० च्या आसपास जातो, आणि तेथें अद्याप मुख्य आधार बुखारीचा, म्हणजे लाकडाचा, शेणाचा व रॉकेलचा. साडेतीन हजार मीटर उंचीवर हवाच विरळ. तेव्हां तेवढीच उष्णता मिळविण्यास पंख्याला अधिक हवा ओढावी लागेल, हें युरोपांतलें यंत्र जसेंच्या तसें तेथें नेणारानें विसरूं नये.

येथें दुसराहि एक हिशेब सांगितल्याविना चालणार नाहीं, कारण जाहिराती तो सांगत नाहींत. वीज कशावर निघते? नॉर्वेची वीज धबधब्याची. आमच्या परळी वैजनाथची कोळशाची. आणि कोळशाच्या केंद्रांत तीन भाग उष्णता जाळली तर वीज म्हणून जेमतेम एक भाग हातीं येतो. म्हणजे अशा विजेवरचा हीट-पंप एकाचे दोनच करूं लागला, तर तो मूळ कोळशाइतकीहि उष्णता परत देत नाहीं. तीन केले तर बरोबरी झाली, चार केले तर नफा. केल्व्हिन यांच्या गणिताची गोम हीच होती. आतां उलट बाजूनें न्हाणीघरांतल्या विजेच्या गीझरकडे पाहा. तो एकाचा एकच भाग देतो. म्हणजे परळीस तीन भाग कोळसा जळतो तेव्हां आमच्या बादलींत एक भाग उतरतो. पऱ्हाट्या व तुराट्या जाळणाऱ्या तांब्याच्या बंबाला आम्ही मागासलेला म्हणून अडगळींत टाकलें. धूर व डोळ्यांची आग सोडली, तर इंधनाच्या हिशेबांत तो या गीझरहून फारसा हलका ठरला असता असें मला वाटत नाहीं.

मुदखेडला घर उबवावयाचें नाहीं, पाणी तापवावयाचें आहे. आणि तें बाराहि महिने. येथल्या कडाक्याच्या पहाटेचे दहा अंश हे स्टॉकहोमच्या माणसाला वसंत ऋतूचे वाटतील. दहा अंशांच्या हवेंतून ५० अंशांचें पाणी काढणें म्हणजे चाळीस अंशांची विहीर; तेथें कार्नोच्या हिशेबानें एकाचे आठ होतात, व साधारण यंत्रालाहि साडेतीन-चार सहज साधतात. वसतिगृहें, दवाखाने, दूध तापविणाऱ्या डेअऱ्या यांना हा हिशेब आजच करून पाहण्यासारखा आहे. केळी पिकविण्याच्या खोल्यांतहि तो लागू पडतो. केळें १३ अंशांच्या खालीं गेलें कीं त्याची साल काळवंडते, म्हणून कोंडलेल्या खोलींत धुरी देऊन तें पिकविण्याची आपली जुनी रीत होती. धुरानें ऊबहि मिळे व फळ पिकविणारा वायुहि. आतां तेथें शीतयंत्रें आलीं आहेत. तीं फळांतून काढलेली उष्णता खोलीबाहेर उघड्यावर फेंकून देतात, आणि शेजारच्याच न्हाणीघरांत विजेची कांडी लावून पाणी तापत असतें.

स्वीडनचा गृहस्थ दीडशें-दोनशें मीटर खोल खडक फोडतो, तेव्हां त्यास सात-आठ अंशांची उष्णता लाभते, आणि त्यावर तो आपलें घर उबवितो. बारडच्या विहिरीचें पाणी पौषांतहि २५ अंशांचें असतें, आणि तें हाताच्या अंतरावर आहे.